रस्त्यापासून चार बोटं

आमच्या घरी लाल गाडी आली ती माझ्या नवऱ्याच्या हौसेपायी. मुंबईतल्या त्याच्या एका ओळखीच्या माणसाला परदेशात जायचं होतं, म्हणून तो आपली दोन दारांची जुनी स्पोर्ट्स कार विकत होता. आमचा धंदा ट्रेलरचा, उरणला बंदराजवळ यार्ड, आणि तेव्हा काम बरं चाललं होतं. नवऱ्यानं गाडी आणली, आठवडाभर मिरवली आणि मग कंबर धरून बसला. "हिच्यात बसता येत नाय, घुसावं लागतं," म्हणाला. त्यानंतर ती यार्डाच्या कोपऱ्यात ताडपत्रीखाली उभी राहिली, दोन्ही बाजूंना ट्रेलर, मध्ये ती एवढीशी.

बॅटरी मरू नये म्हणून मी तिला अधूनमधून चालू करायला लागले. मला गाडीचं वावडं नव्हतं. माझं माहेर माणगाव तालुक्यातलं, भातशेतीचं. वडिलांचा टेंपो होता आणि मी लग्नाआधी तो बाजारापर्यंत न्यायचे. लग्न होऊन उरणला आले आणि चालवणं सुटलंच. आमच्या घराखालीच ऑफिस. माझं काम फोनवर बोलायचं. कुठला ट्रेलर कुठल्या गेटवर रांगेत आहे, कोणाचा कागद अडलाय, कोण सकाळपासून एका जागी उभा आहे. दिवसभर मी अडकलेल्या माणसांशीच बोलायचे. आणि खिडकीबाहेर बघितलं तरी तेच: कंटेनरमागे कंटेनर, त्यामागे कंटेनर. भाजी आणायला स्कूटरवरून निघाले तरी पुढे कुठल्या तरी कंटेनरची पोलादी पाठ असायचीच.

घाटावर एक छोटा रेस ट्रॅक आहे, पैसे भरले की रविवारी आपापली गाडी चालवता येते, हे मला नवऱ्याच्या मित्राकडून कळलं. पहिल्यांदा आम्ही दोघं गेलो. नवरा दोन फेऱ्या मारून चहा प्यायला बसला. मी बसले ती उतरेचना. मला वेगाचं वेड लागलं असं घरात सगळे म्हणतात, पण ते खरं नाही. मला आवडलं ते एवढंच, की समोर कोणी नव्हतं. लग्नाला इतकी वर्षं झाली होती आणि पहिल्यांदाच माझ्यापुढे रिकामा रस्ता होता.

मग मी महिन्यातून एखाद्या रविवारी जायला लागले. नवऱ्यानं अडवलं नाही. सासूबाईंनीही नाही, पण त्यांना ते पटत नव्हतं. त्यांनी एकदाच विचारलं, "तिथं जाऊन काय करतंस गो?"

"फेऱ्या मारते, आई."

"गोल?"

"हो, म्हणजे वळणं असतात. पण फिरून पुन्हा तिथंच यायचं."

"फिरून तिथंच यावाचं, तर जावाचं कशाला?" त्या म्हणाल्या आणि सुकट निवडायला लागल्या. 

ट्रॅकवर एक लांबलचक उजवं वळण आहे. तिथं माझी गाडी दर वेळी बाहेरच्या अंगाला झोपायची आणि नाक भलतीकडे पळायचं. मी स्टेअरिंग जास्त फिरवायचे तसं ती जास्तच सरळ जायची. पनवेलला एक गॅरेज होतं, त्याचा मालक तरुणपणी स्पर्धांमध्ये गाडी चालवायचा. त्याला मी दादा म्हणायचे. त्यानं एकदा माझ्या शेजारी बसून फेरी मारली आणि म्हणाला, "ताई, तुमचं काही चुकत नाही. ही गाडी आरामात फिरायला बनवलीय. स्प्रिंगा मऊ आहेत. वळणात सगळं वजन एका कुशीवर जातं, मग टायर रस्ता धरणार कसा?"

त्यानं सुचवलं ते असं. मूळचे शॉकअप आणि स्प्रिंगा काढायच्या आणि कॉइलओव्हर लावायचे, म्हणजे शॉकअपवरच बसवलेली कडक स्प्रिंग, जिची उंची आणि कडकपणा हवा तसा बदलता येतो. गाडी झुकू नये म्हणून पुढच्या दोन चाकांना जोडणारा दांडा जाड घालायचा. आणि सायलेन्सर बदलायचा. मूळचा जड होता, त्यात धूर इतक्या भिंतींवर आपटत बाहेर पडायचा की इंजिनाला नीट श्वास सोडता येत नव्हता. त्याऐवजी स्टीलचा, मोठ्या तोंडाचा, कमी वळणांचा पाइप. "सर्दी झालेल्या माणसाचं नाक मोकळं केल्यासारखं होईल," दादा म्हणाला.

सगळं काम होईपर्यंत मी गॅरेजमध्ये बसून होते. जुन्या स्प्रिंगा काढून त्यांनी फरशीवर ठेवल्या तेव्हा त्या फारच साध्या दिसल्या, पलंगातून काढल्यासारख्या. नवीन अर्ध्या लांबीच्या, जाड, हातानं दाबून बघितल्या तर हलेनात. चाकं लावून गाडी खाली उतरवली, तेव्हा ती एखादं जनावर पोटाशी पाय घेऊन बसावं तशी बसली. दादानं पुढच्या बंपरच्या ओठाखाली आडवा हात घातला. हात जेमतेम गेला.

"चार बोटं," तो म्हणाला. "ट्रॅकसाठी एकदम बरोबर."

"आणि रस्त्यावर?"

"रस्त्यावर जपून."

पुढच्या रविवारी मी ते उजवं वळण घेतलं. खरं सांगते, मला वाटलं मी काही केलंच नाही. नुसतं तिकडे बघितलं आणि गाडी तिकडे गेली. झुकली नाही, पळाली नाही. मागून सायलेन्सरचा आवाज असा यायचा, की डोळे मिटूनही कळावं इंजिन किती फिरतंय. गिअर बदलताना मला काट्याकडे बघावंच लागेना. मी खाली उतरले तेव्हा हसत होते. परत निघायची वेळ झाली तेव्हा मात्र मी उगाच टायर तपासत रेंगाळले. रविवार संपला की पुन्हा तेच फोन, तीच खिडकी.

आणि आता तर घरी पोचणंसुद्धा सोपं राहिलं नव्हतं. रस्त्याचा प्रत्येक सांधा दातात जाणवायचा. गतिरोधक दिसला की गाडी तिरकी करायची, एकेक चाक चढवायचं, मागचे ट्रेलर हॉर्न वाजवायचे. आमच्या गल्लीत शिरले की शेजारणीचं तान्हं बाळ दचकून रडायचं, म्हणून मी कोपऱ्यावरच इंजिन बंद करून उतारानं गाडी यार्डात सोडायचे. सासूबाई तिला 'डबा' म्हणायच्या. "आला गो तुझा डबा, कललं सगल्या गावाला."

मे महिन्यातला एक शनिवार होता. नवरा ट्रेलरचा अपघात झाला म्हणून नागपूरच्या बाजूला गेलेला, आणि घरची जीप घेऊन दीर बायकामुलांसकट गोव्याला. सकाळी फोन आला, सासूबाईंची थोरली बहीण गेली. ती माणगावच्या पलीकडे, माझ्या माहेराला लागून असलेल्या गावात दिलेली. माझं स्थळ तिनंच आणलं होतं. मी तिला लहानपणापासून मावशी म्हणायचे.

मी भाड्याच्या गाडीसाठी फोनवर फोन केले. सुट्टीचे दिवस, सगळ्या गाड्या कोकणात. एकजण येतो म्हणाला आणि आलाच नाही. सासूबाई कधीच नऊवारी बदलून, हातात छोटी पिशवी घेऊन अंगणात उभ्या. एसटी त्यांना लागते आणि गुडघे असे, की बसची पायरी चढवत नाही.

"मना जावाचं हाय," त्या म्हणाल्या. "आत्ता."

"आई, थोडं थांबा, बघतेय मी."

त्यांनी कोपऱ्यातल्या ताडपत्रीकडे हात केला. "यो डबा हाय ना."

त्यांना त्या खोलगट सीटमध्ये बसवणं हेच एक काम होतं. आधी पाठ, मग एकेक पाय हातानं उचलून आत. ट्रॅकसाठी मी खांद्यांवरून आणि कमरेवरून येणारा चार पट्ट्यांचा बेल्ट लावून घेतला होता. तो मी त्यांना बांधला तेव्हा त्यांनी मान खाली घालून बघितलं. पेण गेलं, नागोठणं गेलं, कोलाड गेलं. खड्ड्यातून गेलं की त्यांचा एक हात दाराच्या कडेला घट्ट व्हायचा.

माणगावच्या अलीकडे गाड्या थांबल्या. आधी वाटलं, नेहमीचं, सुटेल. सुटलं नाही. डावीकडे गॅसचा टँकर, उजवीकडे लग्नाच्या वऱ्हाडाची बस, पुढे टेंपो, मागे कोणाची तरी मोठी गाडी. आमच्या गाडीची काच त्यांच्या चाकांच्या उंचीवर. ऊन बरोबर डोक्यावर आलं. इंजिन तापायला लागलं तसा काटा वर चढला, म्हणून मी एसी बंद केला, मग इंजिनही बंद केलं. दोन्ही काचा खाली घेतल्या तर टँकरचा धूर आत. पायाखालून जाणारा सायलेन्सरचा पाइप तापलेला, त्याची धग चपलेतून लागत होती.

"दार उघड गो. जरा पाय बाहेर सोडतंय," सासूबाई म्हणाल्या.

मी उघडायला बघितलं. दोन दारांच्या गाडीचं दार लांब असतं, त्याला जागा लागते. वीतभर उघडलं आणि टँकरच्या चाकाला टेकलं. माझ्या बाजूचं तेवढंही नाही.

"आई, दार उघडत नाही."

"म्हंजे?"

"जागाच नाही. पुढचे हलले की मगच."

त्यांनी बेल्टचे पट्टे दोन्ही मुठींत धरले. मला वाटलं त्या घाबरल्या. मी बेल्ट सोडवला, बाटलीतलं पाणी त्यांच्या हातावर ओतलं, त्यांनी ते तोंडावरून फिरवलं.  बसच्या खिडकीतून वऱ्हाडातल्या बायका वाकून आमच्याकडे बघत होत्या, एका म्हातारीला आणि एका बाईला त्या लाल गाडीत.

मावशीच्या मुलाचा फोन आला. माणसं जमलीत, ऊन वाढतंय, पण तुमच्यासाठी थोडं थांबतो, म्हणाला. 'आलोच,' मी म्हणाले. फोन ठेवल्यावर सासूबाई बोलायला लागल्या, माझ्याकडे न बघता, समोरच्या टेंपोच्या पाटीकडे बघत.

"आम्ही दोघी मिठागरावर जायचो. ती पुढं, मी मागं. तिचे पाय मिठानं फुटले, तर मना बोलायची, तू टोपली भरू नको अर्धीच घे. मग तिचं लगीन हिकडं केलं. लांब. तवा कोण कोणाला नेतो?" त्यांनी पदरानं मान पुसली. "रविवारी तू जातंस ना गो. तवा मीच बोलायला पायजे होतं. एक डाव मना बहिणीकडं सोड, मंग जा तुना जावाचं तिथं. बोललीच नाय मी."

"का नाही बोललात?"

"तुना पन कुठं तरी जावाचं असतंय. मना ठाव नाय काय?"

मी स्टेअरिंग धरून बसून राहिले. इतकी वर्षं मला वाटत होतं, आमच्या घरात अडकलेली मी एकटीच.

टेंपो थोडा सरकला, मग आणखी थोडा. कालव्याच्या कडेनं जाणारा रस्ता दिसला. माझ्या ओळखीचा. वडिलांबरोबर टेंपोतून मी त्यावरून कितीदा गेले होते, तो थेट मावशीच्या गावाच्या वेशीवर निघतो. मोटरसायकली आणि रिक्षा तिकडे वळत होत्या. मी सासूबाईंना म्हटलं, "रस्ता बरा नाही आणि ही गाडी खाली टेकते. जाऊ का?"

"जा," त्या म्हणाल्या. "हितं बसून काय हुतंय?"

बराचसा रस्ता मी नेला. खडी, खड्डे, शेणाचे पो, सगळं चुकवत, माणसाच्या चालीनं. खालून काहीतरी घासल्याचा आवाज आला की माझे खांदे वर व्हायचे. गाव पुढे दिसायला लागलं होतं, तेव्हा रस्त्यात आडवा उंचवटा आला. पाण्याची नवी पाइपलाइन टाकून वर मातीदगडांचा भर घातलेला. साध्या गाडीला तो कळलाही नसता. मी तिरकं घेतलं, पुढची चाकं वर गेली, आणि खालून असा आवाज झाला, की पत्र्याचं पिंप कोणी विळ्यानं कापतंय. गाडी पोटावर बसली. मागची चाकं जागच्या जागी फिरली, धूळ उडाली, जळक्या रबराचा वास आला. मी रिव्हर्स टाकला. तरी हलेना.

जॅक काढला, तर तो गाडीखाली जाईना. चार बोटांतलं एकही बोट आता उरलं नव्हतं. दादानं इतक्या मापानं बसवलेली कडक स्प्रिंग, मोकळा सायलेन्सर, सगळं त्या मातीच्या ढिगावर रुतून बसलं होतं. मी रस्त्यावर आडवी पडून खाली बघत होते, आणि तशीच पडून राहावंसं वाटलं.

सासूबाईंना मी दोन्ही हात धरून ओढून बाहेर काढलं. त्या कालव्याच्या कठड्याला टेकून उभ्या राहिल्या. पुन्हा मावशीच्या मुलाचा फोन आला. मी काही बोलायच्या आत त्यांनी हात पुढे केला आणि फोन स्वतः घेतला.

"मी हाय. तुझी मावशी," त्या म्हणाल्या. पलीकडचं ऐकलं. मग म्हणाल्या, "नको रे. उनात ठेवू नको तिला. न्या. व्हय, न्या तुम्ही." फोन माझ्या हातात देऊन त्यांनी पदर डोक्यावर घेतला.

थोड्या वेळानं मागून मिनिडोर आली, आमच्याकडची सहा माणसांची तीनचाकी. ती ढिगाच्या कडेकडेनं चढून पार झाली. चालकाला सगळं सांगितलं, आतल्या बायकांनी सरकून जागा केली. सासूबाईंना वर चढवताना मीही पाय ठेवला, तर त्या म्हणाल्या, "तू गाडीकं थांब. रस्ता अडवलाय तिनं." मिनिडोर गेली. मी त्या गाडीजवळ उभी राहिले. सावली नव्हती. गाडी सोडून जाता येत नव्हतं आणि नेता येत नव्हती.

नदीकडून माणसं चालत येताना दिसली ती बऱ्याच वेळानं. ओले केस, ओली धोतरं, काहीजणांच्या खांद्यावर पंचे. ती मावशीला अग्नी देऊन येतायत हे मला कळलं. पुढे चाललेल्या म्हाताऱ्यानं माझ्याकडे निरखून बघितलं.

"तू खालच्या आळीतल्या टेंपोवाल्याची मुलगी ना गं? उरणला दिलेली?"

"हो काका."

"हितं कशी काय?"

मी गाडीकडे बोट केलं.  म्हातारा मागे वळून म्हणाला, "आंघोळी झाल्यात, पण चला, हात लावा." आठ-दहा जणांनी चारही बाजूंनी पकडलं. "एक, दोन..." आणि ती गाडी, जिचं वजन कमी करायला मी मागची सीटसुद्धा काढून टाकली होती, सहज उचलून ढिगाच्या पलीकडे ठेवली. त्यांच्यातला एकजण खाली वाकून म्हणाला, "नळी तुटलीया हो हिची."

तुटली होती. मी इंजिन चालू केलं, तर त्या शांत दुपारी अख्ख्या शिवारात आवाज घुमला. मी लगेच बंद केलं. मयताच्या घरासमोर असला आवाज करत जायचं कसं? शेवटी गाडी वेशीबाहेर चिंचेखाली माणसांनीच ढकलत नेली आणि मी चालत गेले. ओटीवर बायका बसल्या होत्या, त्यांच्यात सासूबाई. डोळे कोरडे. मला बघून त्यांनी शेजारच्या बाईला जरा सरकायला सांगितलं. मी त्यांच्याजवळ बसले. बहिणीचं तोंड त्यांना दिसलं नव्हतं.

त्याच संध्याकाळी माझ्या भावानं तारेनं सायलेन्सर बांधून दिला आणि दुसऱ्या दिवशी आम्ही पहाटेच निघून परत आलो. वाटेत त्यांनी मला एका शब्दानंही दोष दिला नाही. दिला असता तर बरं झालं असतं, असं मला बरेच दिवस वाटत राहिलं.

नवरा म्हणाला, विकून टाक. मी नाही म्हटलं.  पनवेलला दादानं फाटलेला पाइप काढून दाखवला आणि विचारलं, पुन्हा तेवढीच खाली ठेवू का. मी म्हटलं वर घ्या, आणि सायलेन्सरमध्ये आवाज दाबणारा एक डबा जास्त घाला. तो स्प्रिंगेखालचं कडं फिरवून गाडी वर घेत होता, तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर नाराजी दिसली. आता उजव्या वळणात गाडी थोडी झुकते. माझ्यामागून येणारे मला सहज मागे टाकतात. जाते मी अजून, पण पूर्वीसारखी नाही. फेरी मारताना मध्येच वाटतं, हाही एक कठड्यांनी बांधलेला रस्ताच आहे. तरी जाते.

सासूबाई त्या गाडीत पुन्हा बसल्या नाहीत. मी जीपनं न्यायला तयार होते, "चला आई, कुठं जायचं सांगा," असं दोन-तीनदा म्हणाले. "आता कोणाकं जावाचं?" एवढंच त्या म्हणाल्या. पूर्वी रोज दुपारी दोघी बहिणी फोनवर बोलायच्या, त्या वेळेला त्या फोन मांडीवर घेऊन ऑफिसातल्या माझ्या खुर्चीमागे येऊन बसायला लागल्या. मी ट्रेलरवाल्यांशी बोलायचे, त्या ऐकत बसायच्या.

एके दिवशी त्यांनी फोन माझ्यापुढे धरला. "तुझे आयेला लाव."

माझ्या आईशी त्या लग्नकार्यापलीकडे कधी बोलल्या नव्हत्या. मी लावून दिला. दोघी एकमेकींना ऐकू जात नव्हतं म्हणून मोठमोठ्यानं बोलत होत्या. बाहेर यार्डात ट्रेलर मागे घेत होते, त्याचा टी-टी आवाज चालू होता. मी दुसऱ्या फोनवर कोणाला तरी गेट सांगत होते, तरी मला मागचं ऐकू येत होतं.

"विहीण, माझे बहिणीची म्हस होती ना काळी, ती कोन बगतो आता?" सासूबाई विचारत होत्या. "सून? दूध देते ना नीट? आन् तिचे परसात अबोली होती, तिला पानी घालतात का कोन?"